चारशे चाळीसच्या खाली

११ नोव्हेंबर, अकोट
आलो एकदाच्या. शाळेत संगीत शिक्षिकेची नोकरी, आणि राहायला खुशालरावांच्या माडीवर दोन खोल्या. शेजारच्या जिनिंग कारखान्यातला कापूस उडून खिडकीच्या जाळीला चिकटतो. माझी पायल म्हणते, घराला दाढी आलीय. सात वर्षांची पोर, तोंडाला टाळं म्हणून नाही. आधीचे भाडेकरू धर्मपाल मास्तर वारले, त्यांचा डिजिटल पियानो इथेच राहिलाय. वाजवा, धूळ खाऊन राहिला, असं खुशालराव म्हणाले. मी हरखलेच. आवाजातला घुमारा कमी केला, पायलच्या बोटांसाठी पट्ट्या हलक्या केल्या. ट्यूनिंग ४३६ वर होतं, म्हणजे सूर जरासा उतरलेला. शाळेच्या पेटीशी जुळावा म्हणून ४४० केलं. पायलने गाऊन घेतल्यावर भिंतीवरचं बटण बंद. व्होल्टेजने अमरावतीत आमचे दोन टीव्ही खाल्लेत, त्यामुळे हा नियम मी कधी मोडत नाही.

१३ नोव्हेंबर
आज ४३०. सेटिंग टिकत नसेल तर आकडा मुळात होता तिथे यायला हवा. हा आणखी खाली कसा? माझं लक्ष जायच्या आत पायल त्याच सुरात गायला बसली होती. घसा बसलाय तिचा. आलं-मध दिलं, ४४० केलं, बटण बंद.

१५ नोव्हेंबर
४२४. पायलचा घसा बसलेला नाही, आवाजच खाली गेलाय, मोठ्या माणसासारखा. डॉक्टर म्हणाले, काही नाही. घरी येऊन ४४० केलं, तिच्याबरोबर सा लावला, तर तिचा आवाज परत आला. बरं वाटण्याऐवजी मला धडकी भरली. बटण बंद केलं.

१६ नोव्हेंबर
खुशालरावांना विचारलं. मास्तरांना घशाचा आजार होता. आवाज दिवसेंदिवस उतरायचा, तसा ते पियानो उतरवायचे, गाणं सुटू नये म्हणून. शेवटी ४१५; त्याखाली तो जात नाही. त्याच दिवशी मास्तर गेले. खुशालराव म्हणाले, "बाई, पोरीले त्याच्याजवळ बसू नका देऊ."
मी बटण बंद करते, की आकडा मास्तरांनी उतरवला होता तसाच उतरतो, आणि त्यांचे शेवटचे दिवस एकेक करून पुढे सरकतात. मीच सरकवतेय.

१७ नोव्हेंबर
पियानो बंद ठेवून अमरावतीला निघालो. एसटी स्टँडवरच पायलला धाप लागली. शब्द फुटेना. परत आलो. ४१९. ४४० केलं, सा दिला. मग ती "आई" म्हणाली.
आता बंद करायचा नाही. पुढचा आकडा मला माहीत आहे.

१८ नोव्हेंबर
चालूच आहे. शाळेत गेले नाही. पायल मांडीवर झोपलीय. हात रिकामा राहिला की बटणाकडे जातो — सवयीने — म्हणून लिहितेय.

दुपार
लाइट गेली. खुशालराव खालून सांगतात, गल्लीच्या डीपीतला फ्यूज उडाला. पायल झोपेत सा धरून आहे. खोल, जड. तिचा नाही —

आली लाइट. ४१५. प्लसचं बटण दाबतेय, दाबतेय — चढत नाही —

पायल पियानोपाशी जाऊन बसली. गातेय. खुशालराव धावत आले ते जिन्यातच थांबले. त्यांनी मास्तरांचा आवाज ओळखला. रडताहेत.
ती वळून मला विचारते, बाई, लागला का सूर.
आई म्हण, म्हटलं. पायल, आई म्हण —
ती श्वास घेतेय, ओठ —