डबा रिकामा, डोळे कोरडे

तीर्थस्वरूप ताईस,

दंडवत. (वाकता येतं, पाय कुठे आहेत ते दिसत नाही, एवढंच.) तुझे गुडघे कसे आहेत? माझं विचारू नकोस, मीच सांगतो.

दोन महिने डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतंय. पापणी मिटली की खरखर, उघडली की आग. घड्याळदुरुस्तीचा धंदा म्हणजे डोळ्याला भिंग लावून तिळाएवढे स्क्रू बसवायचे. परवा एक घड्याळ पूर्ण जोडलं आणि टेबलावर तीन स्क्रू उरले. त्याच संध्याकाळी खुंटीवरच्या कोटाला "येतो साहेब" म्हणून निघालो, तर मालक शेजारीच उभे! त्यांनी महिन्याची मुदत दिली आहे. डोळे सुधारले नाहीत तर घरी बसा म्हणाले.

डॉक्टर म्हणाले, डोळे कोरडे पडलेत, अ जीवनसत्त्व कमी आहे, भाज्या खा. झालं! तुझी भावजय सोबत होतीच. "रोज डब्यात गाजर, भोपळा, पालेभाजी देते, डबा घासल्यासारखा परत येतो, मग जातं कुठे?" असं तिने डॉक्टरांनाच फैलावर घेतलं. डॉक्टर बिचारे गोंधळले. एवढं खाऊन अंगी लागत नाही म्हणजे आतड्यातच दोष, असं ठरवून त्यांनी गुरुवारी तोंडातून नळी घालून तपासणी लावली. ताई, डोळ्यांसाठी नळी! आणि मी तोंड मिटून गप्प. (आता ते उघडायचं ते नळीसाठीच.)

तुझा त्रासलेला,
धाकटा भाऊ

ता. क. तुझ्यापासून काय लपवायचं? लहानपणी माझ्या ताटातली पालेभाजी गुपचूप तूच संपवायचीस. दुकानात ते काम चार वर्षं कॅशियर करतो. तो भाजी घेतो, मी त्याचे तळलेले बटाटे. रात्री "डबा जड झाला" म्हणून मी चहा-पावावर भागवतो. कॅशियर साठीला आला, पण बिनचष्म्याने पेपर वाचतो, मेला! तर गुरुवारच्या आत येऊन हे हिला तूच सांग. तुला ती उलट बोलत नाही.

ता. क. २ पत्र मोठ्या अक्षरात कसंबसं लिहिलं, पण पाकिटावर बारीक पत्ता लिहायला दिसत नाही, तो हिच्याकडून लिहून घेतो. काळजी नको, पाकीट आधी चिकटवून मगच तिच्या हातात देईन.

वन्सं, नमस्कार. यांनी डिंक पाकिटाच्या भलत्याच बाजूला लावला होता. नळीची तपासणी मी रद्द केली आहे, पण यांना बुधवारपर्यंत सांगू नका. उद्यापासून दुकानात जाऊन डबा समोर बसून खाऊ घालणार आहे. कॅशियरसाठी वेगळा डबा नेईन. चार वर्षं माझ्या भाज्या कुणीतरी आवडीने खात होतं, हे वाचून डोळे भरून आले. माझे भरतात, मी भाजी खाते.