वळणावर गाडी ओढते

प्रिय भिंगरी,

फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? कुठे आहेस, जेवलीस का, कधी पोचतेस, हे सगळं एका दमात विचारतेस आणि मी तोंड उघडायच्या आत बरं ठेवते म्हणतेस. म्हणून हे पत्र. घाटाखालचा पूल दुचाक्यांना बंद केलाय, मोठ्या गाड्या तेवढ्या सोडतायत. दुधाच्या टँकरचा ड्रायव्हर आपल्या घरावरूनच पुढे जातो, तो हे पत्र दारात आणून देईन म्हणालाय. तू आणि जावई घर आवरायला येऊन बसलायत, रविवारी सामानाचा ट्रक येणार, घराला कुलूप लागणार आणि मी कायमची तुमच्याकडे राहायला येणार, हे माझ्या चांगलं लक्षात आहे. वाटेत उशीर होतोय म्हणून म्हातारी विसरली असं समजू नकोस.

एका गॅरेजच्या वरच्या खोलीत टेकायला जागा मिळालीय. खिडकीबाहेर काल डोंगर होता, आज नुसतं पांढरं आहे. त्या पांढऱ्यातून मधूनच हॉर्न येतो, ट्रक दिसतच नाही, आणि थोड्या वेळाने हॉर्नही कुठेतरी विरघळून जातो. झाडं अर्धीच आहेत, बुंध्यापासून वर काही नाही. आपण जागे आहोत की झोपेत, असं दोनदा वाटलं. एकदा तर मी चहाचा कप हातात घेऊन तशीच बसून राहिले, चहाचं पार पाणी झालं. दोरीवर रेनकोट वाळतायत, म्हणजे वाळायचं नाटक करतायत.

मैत्रिणीकडून निघाले तेव्हा समुद्रावर लख्ख ऊन होतं. मग चेन तुटली, मग पाऊस लागला, आणि घाट सुरू झाल्यावर गाडीने नवंच काढलं. मी डावीकडे कलवली की ती उजवीकडे ओढायची. तुझ्या बाबांनी ती माझ्या हाती दिल्यापासून तिने असं कधीच केलं नव्हतं. शेवटी एका वळणावर मऊ चिखलात अलगद आडवी झाली. घाबरू नकोस, लागलं कुणालाच नाही. इथल्या मेकॅनिकने गाडी पुढून-मागून बघितली, मागच्या टायरात हवा जास्त भरली, गाडी ठणठणीत आहे म्हणाला आणि गालातल्या गालात हसत निघून गेला.

तुझे बाबा मागे बसणाऱ्याला काय बजावायचे, आठवतं? ज्या बाजूला वळण, त्या बाजूच्या खांद्यावरून पुढे बघायचं, बाकी अंगाला काही शिकवू नका. तू आमच्या दोघांच्या मध्ये चेपून बसायचीस, तरी बरोबर कलायचीस. मी इतकी वर्षं त्यांच्या मागे बसले की जग म्हणजे एक खांदा आणि अर्धं आभाळ, असंच वाटायचं. मग त्यांचे गुडघे गेले आणि ते मागे बसून मला शिकवायला लागले. भयंकर मास्तर! मागे बसून पाय दाबायचे, जणू ब्रेक त्यांच्याच चपलेखाली आहे. ते गेल्यावर मागची सीट मी रिकामीच ठेवली. दूधवाल्यालासुद्धा कधी नाक्यापर्यंत सोडलं नाही.

मैत्रिणीच्या शेजारी एक दीपगृहवाले राहतात. मागे एकदा सांगितलं होतं, तू नुसतं हं म्हणालीस. त्यांची सगळी नोकरी समुद्रातल्या खडकावर, दिवा सांभाळण्यात गेली. लग्न राहून गेलं. साधी सायकलसुद्धा आयुष्यात चालवली नाही, खडकावर चालवणार कुठे? धुकं पडलं की मी चिडचिड करते. ते म्हणतात, त्याला घाई करून चालत नाही, त्याचं काम झालं की ते आपोआप जातं. दर वर्षी मी मैत्रिणीकडे जाते ते नुसत्या मैत्रिणीसाठी नाही, हे तुझ्यासारख्या चलाख पोरीला आतापर्यंत कळायला हवं होतं. तर वळणावर गाडी का ओढते, ते आता आलं असेल ध्यानात. वळण आलं की माझ्या मागे बसलेले ते घाबरतात आणि नेमके उलट्या बाजूला ताठ होतात, अंघोळीला नेताना पोर अंग ताठ करतं तसे. किती समजावलं, पण डोळे मिटून घेतल्यावर खांद्यावरून बघणार काय?

नमनाला घडाभर तेल झालं, आता मुद्द्याचं सांगते. मला तुमच्याकडे राहायला यायचं नाही. मला आपल्याच घरात राहायचंय, त्यांच्याबरोबर. तुझ्या बाबांची आठवण येते, रोज येते, ती तसूभरही कमी झालेली नाही. या वयात हे काय भलतंच, असं तुला वाटेल; मलाही वाटलं होतं, आरशात बघून हसूसुद्धा आलं. पण सकाळी उठल्यावर, बाहेर बघा किती धुकं आहे, एवढंच कुणाला तरी सांगावंसं वाटतं गं. तुला फोन करावा तर तू ऑफिसच्या जिन्यात असतेस. तुझं चुकत नाही. तुझी माया मला कळते, तुझ्या घरी मला काही कमी पडणार नाही हेही कळतं. तरी ट्रकवाल्याला नको म्हणून सांग. ते खाली गॅरेजच्या पायरीवर बसून तुझ्याशी काय बोलायचं याची तालीम करतायत, नमस्कारच्या पुढे काही सरकत नाहीत. दुपारनंतर पूल उघडेल म्हणतात, पाऊस मात्र हटायचं नाव घेत नाही. पत्र वाचलंस की फोन कर. या वेळी काही विचारू नकोस, नुसतं हो की नाही ते सांग. नाही म्हणालीस तरी आम्ही येऊच, पण मग पाऊस थांबेपर्यंत इथेच बसू, तुझा राग निवायलाही तेवढा वेळ लागेलच. हो म्हणालीस, तर भर पावसात निघतो.

तुझीच,
आई