कर्णरक्षण प्रमुख

२० ऑगस्ट १९७८, रविवार
वाचनालयात कानाच्या डॉक्टरांचं व्याख्यान. विषय : तरुण मुलं, मोठ्यानं लावलेली गाणी आणि बहिरेपण. पहिल्या रांगेत बसलो. मागं नीट ऐकू येत नाही. हॉलचं बांधकामच खराब.
सार असं : मोठ्या आवाजानं आतल्या कानातले बारीक केस मरतात, परत उगवत नाहीत. कर्ण्यापासून लांब बसावं, आवाज कमी ठेवावा, मधूनमधून कानाला विश्रांती द्यावी. कानात शिटी वाजायला लागली तर तो इशारा.
मंडळातल्या पोरांची फार काळजी वाटली. गणपतीत रेकॉर्डी लावायचं काम दरवर्षी माझ्याकडं, अगदी कर्ण्याखाली बसून. त्यामुळं आवाजातलं मला कळतं. संकल्प : यंदा पोरांचे कान वाचवायचे.

२२ ऑगस्ट
मंडळाची मीटिंग. मला कर्णरक्षण प्रमुख नेमलं. एकमतानं. निदान विरोध कुणाचा ऐकू आला नाही. अध्यक्ष बिरप्पा, माझा वर्गमित्र, विचारत होता की अॅम्प्लिफायरच्या बटणाला हात कुणी लावायचा. अर्थात प्रमुखानं.

२५ ऑगस्ट
आईनं पीठ आणायला सांगितलं, मी मीठ आणलं. आईचे पुढचे दात पडल्यापासून उच्चार राहिले नाहीत. वर तीच म्हणते, आरं, मीठ घरात लई हाय की, मीठ आणायला कुणी गव्हाचा डबा घिऊन जातं व्हय? डबा जड का लागतोय, हा विचार वाटेत मनात आला होता खरा.
शिवाय घरात रातकिडा शिरलाय. भर दुपारीसुद्धा ओरडतो. धाकट्या बहिणीला, विजयमालाला, घेऊन कपाट हलवलं, ट्रंका काढल्या. सापडला नाही. ती म्हणते, तिला रातकिडा ऐकूच येत नाही. एवढ्या कोवळ्या वयात! पोरीला डॉक्टरांकडं न्यायला हवं.

३० ऑगस्ट
टेलिफोन ऑपरेटरच्या जागेसाठी इंटरव्ह्यूचं बोलावणं! बी.कॉम. होऊन घरी बसल्याचं सार्थक झालं. आईनं देवापुढं साखर ठेवली. माझा आवाज खणखणीत आहे, ही नोकरी माझीच.

६ सप्टेंबर, गणेश चतुर्थी
गणपती बसले. धोरणाप्रमाणं आवाज अगदी बेताचा ठेवला. तरी बिरप्पा पळत आला, हातवारे करत. शेजारच्या सावित्रम्मा अंगणात येऊन म्हणाल्या, बाळ दचकून उठतंय. त्यांना समजावलं, एवढ्या हळू गाण्यावर बाळ उलट झोपायला पाहिजे. त्यांनी खिडक्या लावून घेतल्या. उकाड्यात खिडक्या लावणं बाळाला बरं नाही.
पोरांना कापसाचे बोळे वाटले. मी घातले नाहीत. प्रमुखाला ऐकू यायला पाहिजे.

९ सप्टेंबर
प्रचाराला यश. पोरं आपणहून रस्त्यापलीकडं जाऊन बसतात. मांडवात मी आणि गणपती दोघंच.
रातकिडा मांडवातही आलाय.

१२ सप्टेंबर
इंटरव्ह्यू. साहेबांनी रिसीव्हर हातात दिला, पलीकडून नंबर सांगणार, मी लिहायचे. लाइन खराब. सात की साठ, कोण जाणे. पुन्हा सांगा, पुन्हा सांगा म्हणत होतो. शेवटी साहेबच रिसीव्हर घेऊन ऐकत बसले. त्यांना स्पष्ट ऐकू येत असावं, कारण ते माझ्याकडं बघत होते. कानाच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणा म्हणाले. सरकारी कामात अशी औपचारिकता असतेच.

१४ सप्टेंबर
एका खेपेत दोन कामं : माझं सर्टिफिकेट, विजयमालाचे कान. तिचे कान उत्तम निघाले. मग डॉक्टरांनी मला स्टुलावर बसवलं. लोखंडी चिमट्यासारखं काहीतरी कानाजवळ धरलं. ते कधी वाजवतात याची वाट बघत राहिलो. विजयमालाचे डोळे भरून आले. माझ्या तोंडासमोर येऊन म्हणाली, दादा, वाजवून झालं रे.
डॉक्टर म्हणाले, रातकिडा घरात नाही, कानात आहे. बारीक आवाज गेले ते गेले. उरलेले जपले तर टिकतील.
म्हटलं, टेलिफोनची नोकरी? त्यांनी नुसती मान हलवली. हे मात्र पहिल्या फटक्यात कळलं.
आईला घरी सांगितलं. ती काहीतरी पुटपुटली. काय म्हणालीस, असं विचारलं नाही.

१६ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी
बटणाचा ताबा बिरप्पाकडं दिला. प्रकृतीच्या कारणानं, असं जाहीर केलं. संकल्प : पदाचा मान राखून आपणही नियम पाळायचे. कानात बोळे घातले आणि रस्त्यापलीकडं पोरांच्यात जाऊन बसलो. त्यांनी जागा केली, खारे शेंगदाणे दिले.
मिरवणूक निघायची वेळ झाली तरी रेकॉर्ड लागेना. एवढंसुद्धा यांना जमू नये! उभं राहून ओरडलो, आरं बिरप्पा, लाव की गाणं, कसली वाट बघतोयस?
सगळी पोरं माझ्याकडं बघायला लागली. विजयमालानं माझ्या कानातला कापूस काढला आणि सांगितलं, दादा, हे तिसरं गाणं चालू आहे.