अक्काला टाकलेलं कार्ड

२६ ऑक्टोबर १९९३, नवीन पनवेल

आज नववीला भूपट्ट शिकवायचे होते. आपला भूपट्ट उत्तरेकडे सरकतो, म्हणून हिमालय उंचावतो, एवढं सांगितलं आणि पुस्तक मिटलं.

गेल्या महिन्यातल्या भूकंपाच्या आधी अक्कानं गावाहून पत्र पाठवलं होतं. ‘जमीन हलून भांडी वाजतात. लोक बाहेर झोपतात. आमीबी झोपावं का?’ मी लगेच कार्ड टाकलं. भूपट्टांची कड हिमालयात आहे, आपलं दख्खन जुना कातळ. निवांत आत झोप.

आत झोप. असं का लिहिलं मी?

संध्याकाळी दाजी आले. म्हणाले, “मी बाहेर झोपलो होतो, ती आत. ती म्हणायची, माझा भाऊ भूगोलाचा मास्तर हाय.”

ढिगाऱ्यात सापडलेलं कार्ड त्यांनी माझ्या हातात दिलं. वळणदार अक्षर, कुठेही खाडाखोड नाही.