आर्गिरीस नावाचे दोघे

कस्तानूला,
३१ जानेवारी १९७१

ती. लांब्रोसदादास,
शि. सा. न. वि. वि.

तू पाठवलेला ख्रिसांथीचा कोट पोचला. तिला चांगला चार बोटं ढगळ होतोय. भाची अजून वाढतेय असं मामाला वाटतं, वाटू दे बापडं. हे पत्र टपालात टाकत नाही. क्लेआन्थिस संत्र्यांचा ट्रक घेऊन तिकडे निघालाय, त्याच्या हाती देते. टपालातली पत्रं हल्ली तुझ्याआधी भलतेच वाचतात.

यंदा पंचवीस मार्चला तुर्कांविरुद्धच्या उठावाला दीडशे वर्षं होणार. अथेन्सच्या लष्करी साहेबांचा हुकूम सुटलाय, की गावोगावी आपापला इतिहास शोधा आणि साजरा करा. आमचे सरपंच कालोग्रीदिस (गावाने निवडलेले नव्हेत, वरून आणून बसवलेले) अंगात आल्यासारखे फिरताहेत. चौकात संगमरवरी शिळा बसवायची आणि तिच्यावर गावातल्या लढवय्यांची नावं कोरायची. आता गंमत बघ. सगळं गाव धुंडाळून नाव सापडलं एकच, आणि ते निघालं आपल्या घरातलं. कप्तान आर्गिरीस राफ्तीस! बाकीच्यांचे पूर्वज तेव्हा बहुधा शेळ्या राखत होते.

बाबांचं वय दहा वर्षांनी उतरलंय. आजोबांचं नाव नातवाला, या आपल्या रीतीने कप्तानाचं नाव एक पिढी आड करत त्यांच्यापर्यंत आलं, म्हणून दगडावर जणू स्वतःच चढणार असा थाट. डोळ्यांनी धड दिसत नाही, कान अर्धे गेले, पण पांढरा सदरा आत्तापासून धुऊन ठेवायला लावलाय.

आणि इथेच माशी शिंकलीय. सरपंचांनी मला कचेरीत बोलावून सांगितलं, की कप्तान चालेल हो, पण त्याच्या नावाचा तुमचा म्हातारा लाल आहे, त्याचं काय करायचं? यादवीनंतर बाबा कम्युनिस्ट म्हणून सहा वर्षं त्या उजाड बेटावरच्या कैदेत दगड वाहत राहिले आणि माफीपत्रावर सही केली नाही, ते यांच्या घशात अजून अडकलंय. आता सही दिली, तर शिळेवर नाव आणि वर ख्रिसांथीला राष्ट्रनिष्ठेचा दाखला. नाही दिली तर दोन्ही विसरा. दाखल्याशिवाय शिक्षिकांच्या कॉलेजात तिला दारातसुद्धा उभी करणार नाहीत. बापाविना वाढलेली पोर, डोळे फोडून अभ्यास केलाय तिने. बाबांना यातलं अवाक्षर सांगितलेलं नाही. सांगितलं तर काठी घेऊन कचेरीत जातील. मी काय करू, सांग.

थिमिओसकाका ठीक आहेत. बेटावर बाबांच्या तंबूतच होते ना, तेव्हाचं भांडण अजून संपलेलं नाही. रोज येतात, पत्ते खेळतात आणि एकमेकांना लबाड म्हणतात.

तुझी,
असिमिना

&nbsp;

स्टुटगार्ट,
१४ फेब्रुवारी १९७१

चि. असिमिनास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि दोन रात्री डोक्यातून गेलं नाही. मी शाळेत पहिला येत होतो, आठवतं? बाबांची सही नव्हती म्हणून मला काढलं. आज चाळिशीत इथे गाड्यांचे नट आवळतोय आणि पोराएवढा मुकादम माझ्यावर खेकसतो. बाबांचा कणा ताठ राहिला, त्याचा मला अभिमान आहे. रागही आहे. दोन्ही खरं.

पोरीचं तसं होऊ देऊ नकोस. बाबांच्या पेन्शनीवर, कराच्या कागदांवर आठ वर्षं सही कोण करतं? तूच ना? मग आणखी एक कर. त्यांना कळायचं कारण नाही. फक्त एक गोष्ट नीट वदवून घे. पूर्वी असली माफीपत्रं रविवारी चर्चमध्ये मोठ्याने वाचून दाखवत. तसं काही करणार नाही, असं त्या माणसाकडून शपथेवर कबूल करून घे.

दोष आला तर माझ्या माथी मार.

तुझा,
लांब्रोसदादा

&nbsp;

कस्तानूला,
२ मार्च १९७१

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

केली बाई सही. मजकूर टाइप करून तयारच होता, त्या कचेरीच्या जड, जुनाट ग्रीकमध्ये. अर्धा तर मलाच कळला नाही. बाबांचं वळण हाताला इतकं बसलंय, की पेन अडखळलंसुद्धा नाही. सरपंचांनी आईच्या हाडांची शपथ घेतली, की कागद ड्रॉवरात जाईल आणि तिथेच राहील.

घरी आले तर बाबा विचारतात, त्या दिवशी मिशीला मेण लावू का? लावा म्हटलं.

तुझी,
असिमिना

&nbsp;

कस्तानूला,
२९ मार्च १९७१

ती. दादास,
नमस्कार.

खाली बसून वाच.

चौकात झेंडे होते, पोरंपोरी जुन्या वेषात होती, मास्तरांचं भाषण झालं. शिळेवरचा पडदा ओढला, कप्तानाचं नाव दिसलं. मग सरपंच एक कागद घेऊन उभे राहिले, कर्ण्यातून नाव पुकारलं, आर्गिरीस राफ्तीस! आणि वाचू लागले. पहिल्याच ओळीला मी ओळखलं. मी माझ्या पूर्वीच्या विचारांचा धिक्कार करतो, माझ्या सोबत्यांना मातृभूमीचे शत्रू मानतो, आणि असंच पुढे.

दादा, बाबा उठून उभे राहिले. टोपी काढून छातीशी धरली. त्यांना वाटलं, कप्तानाचंच वाचताहेत. नाव तेच, भाषा ती तसली, कान असे. मातृभूमी, शत्रू, रक्त एवढेच शब्द त्यांना कळत होते, आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. सगळं गाव बघत होतं. कुणीतरी हसलं असतं तरी बरं वाटलं असतं. संपल्यावर टाळ्या बाबांनीच सुरू केल्या. सरपंचांनी हात पुढे केला, तो त्यांनी दोन्ही हातांत धरला. त्याचा फोटोही निघाला. शेजारच्या खुर्चीवरचे थिमिओसकाका केव्हा उठून गेले ते त्यांना कळलंच नाही.

मी तडक कचेरीत गेले आणि शपथेची आठवण करून दिली. सरपंच म्हणाले, की असला सोन्यासारखा कागद दीडशेव्या वर्षी कुणी ड्रॉवरात ठेवतं होय? मग डोळे बारीक करून विचारलं, की का हो, सही वडिलांचीच आहे ना? मी घरी निघून आले. आणखी काय करणार होते?

दाखला आला. ख्रिसांथीने हातात घेतला नाही. माझ्याशी बोलत नाही, जेवायला माझ्यासमोर बसत नाही. अर्ज मीच भरला आणि मीच टाकला. ती जाईल कॉलेजात, मला ठाऊक आहे. जाईल आणि मला कधी माफ करणार नाही.

बाबांनी त्याच संध्याकाळी विचारलं, की ते मोठमोठे शब्द काय होते, सोप्या भाषेत सांग. मी सांगितलं, की कप्तान कुणापुढे वाकला नाही, असं लिहिलं होतं. रोज जेवताना पुन्हा सांगायला लावतात. मी सांगते.

थिमिओसकाका तीन दिवस फिरकले नाहीत. काल बाबा काठी टेकत त्यांना शोधायला कॉफीच्या दुकानात गेले, मी मागोमाग. हाक मारल्यावर काकांनी खुर्ची उचलली, बाबांकडे पाठ करून बसले आणि जमिनीवर थुंकले. सगळी दुकानभर माणसं, पण एकानेही तोंड उघडलं नाही. मीही नाही. बाबा माझा हात धरून घरी निघाले. वाटेत हसायला लागले. म्हणाले, थिमिओसच्या पोटात दुखतंय गं, त्याच्या घरातलं कुणी त्या दगडावर नाही ना. खरं की नाही?

मी म्हटलं, खरं आहे बाबा.

लोभ ठेव असं लिहायला आज हात धजत नाही.

असिमिना