जाळीला बांधलेलं धोतर

अप्पा, पंप कमी पाणी देऊ लागला की माणसं सर्वांत आधी इंजिनाला दोष देतात. तुम्हीही तेच केलंत. फरक एवढाच की इतरांना खरं कारण माहीत नसतं आणि तुम्हाला ते पुरतं माहीत होतं. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं लोटली आहेत की रागाची धार बोथट व्हायला हवी होती. राग गेलाही असेल. तुच्छता मात्र जशीच्या तशी आहे. त्या दिवशी माझं बोलणं पुरतं ऐकून न घेता तुम्ही पाठ फिरवलीत, आणि अर्धवट राहिलेलं स्पष्टीकरण मला आजही सहन होत नाही. म्हणून ते पुरं करतो आहे.

जहागीर गेली आणि मन्नाएखेळ्ळीच्या रस्त्यावरचा तो बागेतला बंगला सरकारनं शाळेला दिला. बंगल्याबरोबर जांभ्या दगडाचा पोहण्याचा हौद शाळेकडे आला, आणि हौदाबरोबर तुम्हीही आलात. जहागीरदाराचे दरोगा होतात, ते आता शाळेच्या बागेचे आणि पाण्याचे दरोगा झालात. कमरेचा चाव्यांचा जुडगा तोच राहिला. हेडमास्तरांनी ठरवलं की शाळेतलं प्रत्येक मूल या हौदात पोहायला शिकेल. प्रत्येक म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीतलंही, जिचं नाव न घेता तुम्ही नुसतं ‘तिकडची’ म्हणत असा. आणि नेमक्या त्याच उन्हाळ्यात हौद भरेनासा झाला. पूर्वी ज्या तोटीतून दंडाएवढी धार पडे, तिथून करंगळीएवढं पाणी ठिबकू लागलं. दिवसभर इंजिन धडधडे आणि तळाला जेमतेम घोटाभर पाणी साचे. पाहणीला आलेल्या अधिकाऱ्यानं सांगून टाकलं की सुट्टी संपेपर्यंत हौद भरला नाही, तर त्यात माती लोटून गुलाब लावा. हेडमास्तरांनी मला निरोप धाडला. हैदराबादहून यंत्रविद्येचं शिक्षण पुरं करून मी नुकताच घरी आलो होतो.

मी पंपघरात उभा आहे. तुम्ही दारात, खांद्यावर पंचा, कपाळावर ताजी विभूती.

“कामून खोलायलास ते? इंजन म्हातारं झालंय. माणूस म्हातारा व्हतो, मशीन व्हत न्हाई व्हय?”

इंजिन चालवणारे चाचा चिंधीनं हात पुसत हसतात. “दरोगा साब, इंजन तो मेरे से जवान है. पानीच ऊपर आने कू शरमा रा.”

हेडमास्तर चष्म्यावरून तुमच्याकडे पाहतात. “जहागीरदार पोहत होते तोवर हे बरं तरुण होतं, दरोगा. शाळेत आलं आणि एकाएकी म्हातारं झालं.”

तुम्ही हसला नाहीत. तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं. पण मी त्या वेळी यंत्राकडे पाहत होतो, माणसाकडे नाही.

आता नीट ऐका, कारण ही गोष्ट खरोखर सुंदर आहे. पंप पाणी निर्माण करत नाही. तो एका बाजूनं ओढतो आणि दुसऱ्या बाजूनं ढकलतो. म्हणून पाणी कमी आलं की पहिला प्रश्न असा, की अडथळा ओढण्याच्या बाजूला आहे, ढकलण्याच्या बाजूला आहे, की पंपाच्या पोटातच आहे? लहानपणी आपण पपईच्या देठाची नळी करून पाणी ओढायचो. दुसऱ्या टोकावर बोट ठेवलं की गाल आत खेचले जात; देठाला चीर असली तर तोंडात नुसती हवा येई. पंपाचंही तसंच असतं. मी दोन्ही बाजूंना दाब दाखवणारा एकेक काटा बसवला. हौदाकडची नळी तुंबली असती तर ढकलण्याचा दाब चढला असता. तो पडलेला होता. पंपाच्या आत फिरणाऱ्या पंख्याची पाती झिजली असती किंवा सांध्यातून हवा शिरत असती, तर ओढही मंदावली असती. पण ओढीचा काटा पार टोकाला टेकला होता, आणि पंपाच्या पोटात कुणी मूठभर खडे टाकावेत तसा आवाज येत होता. पंप धडधाकट होता. विहिरीतल्या नळीच्या तोंडावर कुणाचं तरी बोट होतं. एखादं निदान असं बिनचूक जुळून यावं, याहून मोठा आनंद मला माहीत नाही. तुम्ही तोही नासवलात.

चाचा आणि मी पायऱ्यांनी विहिरीत उतरलो आणि दोराच्या आधारानं नळीचं तोंड वर घेतलं. तिथे पाणी मागे फिरू न देणारी झडप असते आणि झडपेला पितळी जाळी. जाळी दिसलीच नाही. तिच्यावर कापड होतं, त्यावर पुन्हा कापड, घडीवर घडी, गाळानं शेणासारखं थापलेलं. सर्वांत वरच्या घडीला तुमच्या धोतराचा तांबडा काठ होता. आई तेच धोतर वाळत घातलेल्या जागी शोधत फिरली होती.

तुम्ही वर काठावर उभे होतात. म्हणालात, “पाणी गाळून घ्यायचं असतंय. जीव जातेत.”

आपल्या घरी पाणी कसं गाळतात, हे मला तुम्ही शिकवायला नको होतं. आई घागरीच्या तोंडावर एक फडकं धरायची, आणि लगेच तेच उलटं करून त्यातले जीव पुन्हा पाण्यात सोडायची. विहिरीवर मी एकदा ओंजळीनं प्यायलो, तेव्हा “जीव गिळायलास व्हय रे?” म्हणत तुम्ही माझा कान पिळला होता. म्हणून मी खालूनच विचारलं, “मग इतक्या घड्या कशाला, अप्पा?”

चाचांनी मान वळवून विहिरीच्या भिंतीकडे पाहिलं. तुम्ही आवाज खाली आणलात. “हौद भरला की तिकडची पोरं उतरतेत त्यात. तेच पाणी बागेला जातंय. बागेतलं फूल लिंगाला. तुला कळायचं न्हाई.” मी काट्यांची गोष्ट सांगू लागलो, तोच तुम्ही पाठ फिरवलीत.

मला सगळं कळलं. हौदापासून देव्हाऱ्यापर्यंतची वाट तुम्ही माझ्याहून काटेकोर आखली होती. गळ्यात लिंग, ओठांवर सगळी माणसं एक असल्याची शरणांची वचनं, आणि ती वचनं खरी होऊ लागताच विहिरीच्या तळाशी जाऊन बांधलेलं धोतर. डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांसाठी तुमचं काळीज केवढं हळवं! तुम्ही उघड विरोध केला असता, हौदाला कुलूप लावून दारात आडवे बसला असता, तर मी तुमच्याशी भांडलो असतो आणि तुमचा थोडा मानही राखला असता. तुम्ही एका निमूट यंत्राला आजारी ठरवलंत.

जाळी धुतली, पंपात पाणी भरलं, चाचांनी इंजिन फिरवलं. तोटी दोनदा खाकरली आणि दंडाएवढी धार हौदात कोसळली. शाळा उघडली तेव्हा सगळी पोरं त्यात उतरली, तिकडचीही, आणि वस्तीतल्या एका पोरीनं मारलेल्या सुरानं मास्तरांचा चष्मा भिजला. तुम्ही आला नाहीत. त्यानंतर मरेपर्यंत तुम्ही त्या बागेचं फूल पूजेला घेतलं नाहीत. बाग तुम्ही राखत होता आणि फुलं बाजारातून आणवत होता.

पुढे मी तंत्रविद्या शिकवू लागलो. हा बिघाड मी दर वर्षी मुलांना शिकवतो. पपईचा देठ वर्गात नेतो, फळ्यावर दोन काटे काढतो, आणि कापडापाशी पोचलो की माझा आवाज चढतो. याहून चांगलं उदाहरण मला मिळालेलं नाही. मग कुणीतरी हमखास विचारतं, “सर, ते कापड कुणी बांधलं होतं?”

मी सांगतो, “कळलं नाही.” एवढ्या निदानात तेवढंच एक खोटं आहे, अप्पा, आणि यंदाही मी तेच सांगितलं.