कमलेश सरांसाठी सापळा

९ जून २०२३

चोर! चोर!

न्यूज पोर्टलवर आज माझा लेख आला. धानाची रोपं रोवणाऱ्या बायांवरचा. वाक्य न् वाक्य माझं — चिखलातून पाय उपसताना होणारा आवाज, पाठीला बांधलेलं प्लास्टिक, मायच्या नखांतून दिवाळीपर्यंत न जाणारा काळा रंग. आणि वर नाव कुणाचं? कमलेश सर, विशेष प्रतिनिधी!

भंडाऱ्याला त्यांच्या ऑफिसात मी स्वतः गेले होते. समोर बसून लेख पाठवला. तेव्हा म्हणाले, "भावना चांगल्या आहेत, पण भाषा कच्ची आहे. अजून शिका."

लेखाखाली लिहिलं की हा माझा आहे. चहा होईपर्यंत कॉमेंट उडाली. मी ब्लॉक.

१० जून

सरांना फोन केला. म्हणे, "मॅडम, खेड्यातले अनुभव सगळ्यांचे सारखेच. तुमच्या एकटीचा सातबारा आहे का त्याच्यावर?"

सातबारा! आमच्या नावावर धानाची वीतभर बांधी नाही, आणि हा माणूस मला सातबारा विचारतो.

बाबा म्हणतात, "जाऊ दे वो पोरी. गोष्ट तं छापली ना. नाव कायले पायजे?" मी रुचिता बाबुलाल लिहिते. चोरीला त्यांचंही नाव गेलं, हे त्यांना कळत नाही. घरातली पहिली ग्रॅज्युएट म्हणून गावभर पेढे वाटले होते त्यांनी.

मी नाही सोडणार.

१४ जून

ठरलं. शिका म्हणाले ना — शिकते. इतकं चांगलं लिहीन की चोरल्याशिवाय त्यांना राहवणार नाही. आणि चोरताना हात धरीन.

फेसबुकवर स्वतःचं पान उघडलं. पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं — इथे खोटं काही येणार नाही.

१८ जून

कुणी वाचत नाही. मैत्रिणीने, तृप्तीने, तरी पवनीच्या स्टँडवर बसून वाचलं. म्हणे, "अवो, तुया पहिला पॅरा सरता सरता माही बस सुटली!"

मायला वाचून दाखवलं. ती भाकर थापत होती. "हे तं ग्रामपंचायतीच्या नोटीससारखं लागून राहिलं."

बरोबर आहे तिचं. 'सदर प्रथा', 'अनन्यसाधारण महत्त्व' — हे सगळे परीक्षेचे शब्द. मार्क मिळायचे त्यांना. कापले सगळे. कापताना प्रत्येक वेळी कमलेश सरांचा चेहरा आणते डोळ्यांपुढे. चांगली सुरी चालते!

२५ जून

नवीन पद्धत. संध्याकाळी कुंतामावशीच्या ओट्यावर बाया बसतात, मायच्याच रोवणीच्या टोळीतल्या. तिथे वाचते. डोळे फोनवर नाही, बायांवर. कुणी पदर झटकला की ते वाक्य गेलं. कुंतामावशी "मंग?" म्हणाली की लेख तिथून सुरू.

आज तिने चौथ्या पॅऱ्याला "मंग?" म्हटलं. वरचे तिन्ही उडवले. जीव तुटला, पण पोस्ट लाखांदूरपर्यंत गेली!

१ जुलै

पुन्हा! बांधावरच्या शिदोरीचा लेख उचलला. फक्त एक बदल केला — 'माय' होतं तिथे 'माता'. माता!

माता म्हणून हाक मारली तर माय भाकर फेकून मारील.

२ जुलै

सापळा लावला. लिहिलं — आमच्या आसगावात रोवणं सरतं त्या दिवशी शेवटच्या बांधीच्या कोपऱ्यात बाया पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची, एक अख्खी मूठ लावतात. सोडवून दोन-दोन काड्या नाही, मूठच्या मूठ. गावातून नांदायला गेलेल्या लेकीच्या नावाने. लावताना तिचं नाव घेतात.

सगळं खोटं. अशी चाल ना इथे, ना पवनीत. धान लावणाऱ्या कुणालाही विचारलं असतं तर कळलं असतं. पण ते विचारणार नाहीत. त्यांना कुणाला विचारायची सवयच नाही.

हात काय सुटला होता! एक शब्द कापावा लागला नाही. पहिल्या पोस्टमधलं माझं वचन आठवलं, पण हे खोटं नाही. हे औषध आहे — उंदराचं.

९ जुलै

गिळलं!! वर स्वतःची एक ओळ घातली — 'ही हृद्य प्रथा प्रस्तुत लेखकाने आसगावात प्रत्यक्ष पाहिली.'

१० जुलै

टाकली पोस्ट. 'अशी चाल आमच्या आसगावात नाही. मी रचली. कमलेश सरांनी मात्र ती डोळ्यांनी पाहिली!' दोन्ही लेख शेजारी शेजारी लावले.

लोक तुटून पडले. "सर, चष्मा कोणत्या दुकानातला?" "आमच्या गावचा बैल अंडे देते, या पाहाले!" हसून हसून पोट दुखलं.

संध्याकाळी त्यांचा फोन. "ताई, काढून टाका ना ते. तुमचं नाव लावतो." महिन्यापूर्वी मॅडम होते, आज ताई.

म्हटलं, "सर, भाषा कच्ची आहे तुमची. अजून शिका."

फोन ठेवला आणि घरभर नाचले!

१२ जुलै

त्यांनी लेख काढला. लोकांनी आधीच फोटो काढून ठेवलेत. माझी पोस्ट अजून धावतेच आहे. इतकं माझं काहीच कधी वाचलं गेलं नाही.

ओट्यावर बाया म्हणाल्या, "तो खोटा लेख तं दाखव वाचून." वाचला. कुणी हसलं नाही. पदरही झटकला नाही. कुंतामावशी "मंग?" नाही म्हणाली. उठून घरात गेली. थकल्या असतील.

३० जुलै

आज मारोतरावांच्या बांधीत रोवणं सरलं. मीही होते मायसोबत.

शेवटी कुंतामावशी कोपऱ्यात गेली. हातातली मूठ सोडवलीच नाही, तशीच चिखलात दाबली. मोठ्याने म्हणाली, "अपेक्षा." तिची लेक. लग्नानंतर सासरच्यांनी तिला एकदाही माहेरी धाडलं नाही.

मी धावले. "मावशी, ते खोटं आहे! मी रचलं."

"मालूम आहे मले. तूनंच तं सांगितलं."

मग दुसरी बाई वाकली. मग तिसरी. नावं घेत होत्या.

मारोतराव बांधावरून ओरडले, "बाया हो, कोपऱ्यात पऱ्ह्यांचा गचका काहून लावून राहिल्या? तेथी का पिकन?"

"तुमच्या पोरीचं नाव सांगा, मालक. तिची बी लावतो!"

ते बांधावरून चिखलात उतरले. म्हणाले, "चंद्रकांता."

३१ जुलै

'अशी चाल आमच्या आसगावात नाही.' कालपासून हे माझं वाक्य खोटं आहे. आणि आसगावात अशी प्रथा आहे, हे कमलेश सरांचं खरं.

लोक अजून हसताहेत त्या पोस्टखाली.

काढली.